ब्रात्लीदचं कुजलेलं गवत

चित्रकार या जमातीबद्दल ओडमुन ब्रात्लीदला चौऱ्याहत्तर वर्षांत एकही चांगला शब्द सुचला नव्हता, आणि त्याला कारण होतं. तळ्याकाठी ज्या चित्रकाराचं आता संग्रहालय झालंय, त्याने ओडमुनच्या आजोबाची जगभर बदनामी करून ठेवली होती. चित्रात ब्रात्लीदच्या शेताचा उतार, तारांवर वाळत घातलेलं गवत, मागच्या डोंगरावर ताजा बर्फ. शहरातल्यांना त्यात म्हणे शांतता दिसते. गावाला दिसतं ते एवढंच, की जुलैत कापलेलं गवत या ऐदी माणसाने बर्फ पडेपर्यंत कोठारात नेलं नाही.

बरं, एकदा रंगवून गप्प बसावं! पण हा पठ्ठ्या लाकडात कोरून छापणारा. शेकडो प्रती निघाल्या. एक बँकेत लागली, एक दंतवैद्याकडे. ओडमुनने दाढ उपटून घेतली तीसुद्धा आजोबाच्या आळसाकडे बघत. खाली नाव, 'ब्रात्लीदचं गवत, सप्टेंबर'. आणि इकडे शेताचं नाव तेच माणसाचं आडनाव, त्यामुळे लपायला जागा नाही.

तो डाग धुवायला आधी त्याचा बाप धावला, मग ओडमुन जन्मभर धावला. गावात पहिलं गवत कापलं जाई ते त्याचं. अर्धवट वाढलेलं गवत खाऊन गाई हाडकल्या, पण पहिला मान त्याने सोडला नाही. तरी दर वर्षी सप्टेंबरात शेजारचा कोरे कुंपणाला टेकून विचारायचाच, "काय ओडमुन, आजोबांचं गवत आलं का घरात?"

यंदा संग्रहालयाने ते चित्र कॉफीच्या मगांवर छापलं आणि ओडमुनच्या डोक्यात तिडीक गेली. ठेवणीतला लोकरी स्वेटर चढवून तो पहिल्यांदाच तिथे गेला. दाराशी बूट काढून मोज्यांवर आत शिरला. चित्रापुढे चार पाहुणे माना वाकड्या करून उभे होते. गवत खालून काळं पडलंय हे त्यांच्यातल्या एकालाही कळत नव्हतं.

"आंधळे लेकाचे," तो पुटपुटला.

संग्रहालय सांभाळणारी सुनिवा ही शहरातून आलेली, तिशीतली बाई. तिने कॉफी पुढे केली. ओडमुनने कपाला हात लावला नाही.

"ते नाव खोडा," तो म्हणाला. "चित्र ठेवा नाहीतर चुलीत घाला. पण आमचा म्हातारा आळशी होता, हे जपानपर्यंत कळवायचं काही कारण नाही."

"आळशी?" सुनिवा उठली आणि कपाटातून एक पत्र घेऊन आली. "चित्रकाराने बहिणीला लिहिलंय. वाचा तुम्हीच."

ओडमुनने चष्मा लावला. 'ब्रात्लीदच्या शेतकऱ्याला म्हटलं, चित्र पुरं होईस्तोवर गवत हलवू नका. पाच आठवडे थांबला बिचारा. गवत कुजलं. रोज काम टाकून येतो, माझ्यामागे बसून बघत राहतो. म्हणतो, स्वतःचं शेत मी कधी पाहिलंच नव्हतं.'

त्याने ते दोनदा वाचलं.

"हे चित्राशेजारी लावू या," सुनिवा खुशीत म्हणाली. "गावाला खरं कळू दे."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" ओडमुन भडकला. "आळशी माणूस प्रत्येक घराण्यात एखादा निघतो. चित्रापायी चांगलं गवत कुजवणारा? कोरेला कळलं तर तो मला थडग्यातही झोपू देणार नाही. आळशीच बरा. नाव राहू दे, पत्र कुलपात घाल."

सुनिवाला हसू आलं, पण त्याचा चेहरा बघून तिने ते गिळलं. ओडमुनला संताप आला होता, आजोबाचा, बापाचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

"पोरीच्या लग्नात ढग आले म्हणून ताटावरून उठून पळालो होतो मी, गवत उचलायला," तो म्हणाला. "दोन वर्षं बोलली नाही माझ्याशी. तो वेडा निदान बसून काहीतरी बघत तरी होता. मी पोरीचा नाचसुद्धा बघितला नाही."