सोळा नंबरचं जेवाण

आमच्या दवाखान्यात माणूस ओळखावा तर म्याच. त्याच म्या सोळा नंबरच्या आबास्नी सा दिस जवळजवळ उपाशी ठेवलंतं.

मी वॉर्डात मामा. म्हंजे ट्रॉली ढकलायची, ताटं वाटायची, सांगंल ते करायचं. साळंत कवा गेलो न्हाय. तरीबी दवाखान्यात ट्रेनिंग निघालं तवा खिशाला पेन लावून म्होरल्या खुर्चीत बसलो. शिकवाय आलेल्या म्याडम म्हनल्या, "खाटंचा नंबर बघू नका, माणूस बघा. त्याच्याशी बोला, त्याला काय हवं ते विचारा." सगळ्यांनी लिवून घेतलं, मी मान हलवली. शेवटी सईचा कागद आला तर खिशाला पेन आसून अंगठा उठवला. सिस्टर हसल्या. पर मनात म्हटलं, ह्यात शिकायचं काय? बोलाय तर मला येतंयच की.

सोळा नंबरचं आबा शाहूवाडीकडलं. शुगरनं पायाचं बोट काळं पडत आलतं. रोपलावण चालू हुती म्हणून पोरगा त्यास्नी भरती करून माघारी गेलता. डॉक्टर रोज पट्टी सोडून बघायचे आन म्हनायचे, "आबा, पोटात काही गेलं नाही तर जखम भरायची नाही. मग बोट काढावं लागेल." आबा नुसतं पायाकडं बघायचं.

मला वाटलं, ह्येच आपलं गिऱ्हाईक. ताट ठेवलं की स्टूल वढून त्यांच्या म्होरंच बसायचो. लग्नात माझा फेटा सुटून मांडवभर झाल्याला, आपली समजून शेजाऱ्याची म्हस तासभर धुतल्याली, सगळं सांगायचो. वॉर्ड हसायचा. आबा एक घास घ्यायचं, माझ्याकडं बघायचं आन ताट सारायचं.

"आवडलं न्हाय व्हय? उद्या अंडं आणतो," मी म्हनायचो.

अंडं बी तसंच ऱ्हायचं. मग मी आनखी लांबडी गोष्ट काढायचो. ड्युटी चारला सुटायची, तरी सांजच्या ताटाला थांबायचो. घरी जाऊन तरी काय करायचं? बायको जाऊन दोन वर्सं झाली, पोरगी नांदाय पुण्याला. मी टीव्ही लावतो, त्यातला माणूस काय बोलला की "व्हय की" म्हनतो. ह्ये बी आबास्नी सांगून झालंतं.

सातव्या दिशी माझी दाढ सुजली. तोंड उघडंना, म्हणून घरीच पडलो. दिसभर कुनाचा फोन न्हाय. मला आपली काळजी, माझ्याबिगर आबास्नी जेवाण कसं जाणार.

दुसऱ्या दिशी फुगलेला गाल घिऊन गेलो तर सिस्टर म्हनल्या, "मामा, काल सोळा नंबर दोन्ही वेळा ताट पुसून जेवले. भात परत मागून घेतला."

आनंद व्हायला पायजे हुता. खरं सांगतो, मला रागच आला. तसाच आबांकडं गेलो आन इतक्या दिसांत पयल्यांदा इचारून उत्तराला थांबलो, "आबा, काल कसं काय जेवलासा?"

आबा म्हनलं, "आमच्यात जेवताना कोन बोलत न्हाय. भित्तीकडं तोंड करून गप जेवतोय. म्होरं बसून कोन बघाय लागलं की घास उतरत न्हाय."

"मग सांगायचं न्हाय व्हय मला?"

"तू कवा गप बसलास?"

तेवढ्यात ताटं आली. आबांचं ताट ठेवलं आन हातानं सवयीनं स्टूल वढलं. आबांनी भात कालवायचा थांबवला.

"मामा, त्ये स्टूल ने तिकडं. तुझ्या घरात कोन न्हाय, त्यात माझ्या बोटाचा काय गुन्हा?"