रिकाम्या हातानं न येणारा माणूस

त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही, पण त्याच्यावरचा राग मात्र अजून गेलेला नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या धारूरला घरात कॉम्प्युटर असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. काही बिघडलं की बीडहून एसटीनं हा दुरुस्तीला यायचा. दारात चप्पल काढायचा, पाय धुवायचा आणि खिशातली निळी फ्लॉपी शर्टाच्या टोकाला पुसून म्हणायचा, "व्हायरस लई वंगाळ, काका. परकी फ्लॉपी घरात घेऊच नका."

माझ्या मशीनवर समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची यादी होती, दोन वर्षं घरोघर फिरून जमवलेली. तो येऊन गेला आणि आठवड्यात व्हायरस लागून सगळी पुसली गेली. डॉक्टरांकडे तेच, वकिलांकडेही तेच. तिन्ही घरांत बाहेरची फ्लॉपी एकच आली होती, त्याची!

पुढच्या खेपेला मी त्याला दारातच अडवलं. "अहो, फ्लॉपीवर काही उतरू नये म्हणून एक खिटी असते. ती का लावत नाही?"

"लावली तर नवं कायबी भरता येत न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "डॉक्टरकडला गेम वकिलाच्या पोरांना, वकिलाकडली कुंडली तुमाला. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जावं का, काका?"

माझं डोकंच फिरलं. लाज कशी वाटत नाही, असं ओरडणार, तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "तो कुंडलीचा प्रोग्राम तुम्हीच मागितला होता ना?"

मी दारातून बाजूला झालो.