ऑक्टोबरची छाटणी

दादाचा दहावा झाला आणि वहिनीने त्याची पत्र्याची पेटी माझ्यापुढे सरकवली. "कागद तुमचे तुम्हीच बघा, वन्सं." वरचाच कागद माझ्या अक्षरातला होता.

काही वर्षांपूर्वी दादा सायखेड्याहून मॉरिशसला निघाला, तेव्हा मी तो लिहून दिला होता. तिथल्या एका ऊसमळेवाल्याला थोड्या जमिनीत भाजी आणि द्राक्षं लावून पाहायची होती. त्यासाठी त्याला नाशिककडचा जाणता माणूस हवा होता.

"कांदा-बटाटाबी जहाजानं येतो म्हणे तिथं," दादा म्हणाला. "पिकवणाऱ्याला लय वाव हाय. द्राक्षाचा पहिला बहर साधला की मळा माझ्याकडंच राहील. मंग हिला घेऊन जातो. मास्तरीणबाई, तेवढं छाटणीचं टिपण करून द्या."

मी शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं चाळून बेटाची माती, पाऊस, वारा सगळं उतरवलं. छाटणीचे महिने मात्र आपल्याकडचेच लिहिले. एप्रिलची छाटणी वेलीला नवी काडी फुटावी म्हणून, ऑक्टोबरची फळासाठी.

पहिल्याच बहराला, घड भरत आले असताना, फेब्रुवारीतल्या वादळात मांडव आडवा झाला. मालकाने पुन्हा ऊस लावला आणि दादा परत आला. कोणी विचारलं की म्हणायचा, "खारं वारं तिथलं. द्राक्षाला नाय मानवत." मीही लोकांना तेच सांगत राहिले.

आता मी कागद उलगडला. 'ऑक्टोबर'वर रेघ मारून त्याने 'एप्रिल' लिहिलं होतं आणि 'एप्रिल'च्या जागी 'ऑक्टोबर'. खाली पेन्सिलीने एक ओळ होती: 'इथं उन्हाळा डिसेंबरात, मग दर साल वादळं. त्याच्या आत फळ निघालं पाहिजे.'

विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे येतात, हे मी दर वर्षी सातवीच्या वर्गात पृथ्वीगोल फिरवून शिकवते. तो तिथे वेली लावत होता त्या वर्षीही शिकवलं होतं. एकदाही मला माझा कागद आठवला नाही.

मग वहिनीला म्हटलं, "चूक माझी होती. महिने मी लिहिले होते."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "आल्या आल्याच सांगितलं त्यांनी. म्हणले, मास्तरीणबाईला कळलं तर वर्गात तो गोल पुन्हा हातात धरायची नाय. ते होते तोवर म्या तोंड उघडलं नाय."

हे ती रागाने म्हणाली असती तर मला बसल्या जागेवरून उठता आलं असतं.