सीताफळाची डहाळी घेऊन पांडेसऱ्याला

धुळ्याहून सुरतेला जायचे दोन मार्ग. साक्री-नवापूर-कडोदरा अशी सरळ एसटी, नाहीतर नंदुरबारपर्यंत एसटी आणि पुढे पॅसेंजर. एसटी लवकर पोचते, पण फार हादरते. माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली सीताफळाची डहाळी होती. तिच्यावर दोन उमललेली फुलं, एक कळी आणि सुपारीएवढं एक फळ. म्हणून मी पॅसेंजर धरली.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. महिना श्रावण. मी धुळ्यात एका कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात नोकरीला होते. विभागाला सीताफळाच्या कुळाचं चित्रांचं पुस्तक करायचं होतं: सीताफळ, रामफळ, मामफळ, हिरवा चाफा. त्यासाठी चित्रकाराची एक जागा निघाली होती. अट एकच, ताज्या नमुन्यावरून काढलेलं एक चित्र. मी माझ्या थोरल्या भावाचं, नानाचं, नाव सुचवलं. सुरतेला जाण्याआधी त्याने काढलेलं रामफळाचं चित्र माझ्याकडे होतं. त्यात शोधूनही चूक सापडत नव्हती.

नाना नऊ वर्षं सुरतेच्या पांडेसऱ्यात साड्या छापणाऱ्या मिलमध्ये ट्रेसर होता. खालून दिवा लावलेल्या काचेवर दहा-दहा तास बसून डिझाइनच्या प्रत्येक रंगाची वेगळी फिल्म काळ्या शाईने काढायची, हे त्याचं काम. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. आणखी किती वर्षं जमेल, हे वहिनी पत्रात विचारायची. जणू ते मला माहीत असणार.

पांडेसऱ्याला जायचं तर सुरतेपर्यंत न जाता उधन्याला उतरावं. स्टेशनबाहेर खमण चांगला मिळतो, पण गरम असेल तरच घ्यावा. पुढे शटल रिक्षा. चौघांच्या जागेत सात जण बसतात, डबा मांडीवर धरावा लागतो. वाटेतल्या खाडीचं पाणी त्या दिवशी जांभळं होतं. रिक्षात कोणीही तिकडे पाहिलं नाही.

नानाची खोली दहा बाय बाराची, पहिल्या मजल्यावर. दारातच शेजारचे अण्णा भेटले, मूळचे नांदेडकडचे.

"काय ताई, धुळ्याहून पाला आणला? नानाने शेळी पाळली की काय?"

"शेळी परवडली असती," आतून नाना म्हणाला. "ही बहीण आहे. चूक काढते."

वहिनीने डबा हातातून घेतला. "भाकर खाई ले पह्यले ताई, मंग तुन्हा पाला काढ."

दुसऱ्या दिवशी नानाला सुट्टी होती. तो सकाळी साडेसातला खिडकीशी बसला. फूल त्याने दीड तासात काढलं. तीन जाड पाकळ्या, आतल्या तळाशी जांभळट डाग, मधला पुंकेसरांचा गच्च गोळा. मी भिंगाखाली ताडून पाहिलं, दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. मग त्याने फांदी घेतली.

सीताफळाची पानं एकाआड एक येतात, एक डावीकडे, पुढचं वर उजवीकडे. या सगळ्या कुळाची ती ओळख आहे. नानाने ती समोरासमोर काढली होती.

"नाना, पानं जोडीने आलीत."

त्याने डहाळीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "हो की." खोडलं, पुन्हा काढलं. अर्ध्या तासाने वरची दोन पानं परत समोरासमोर. शिवाय खालचं पान कागदाच्या डाव्या कडेला ज्या उंचीवर संपत होतं, नेमक्या त्याच उंचीवर उजव्या कडेने फांदी आत येत होती. मी पट्टी लावली. अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. साडीचं डिझाइन असंच काढतात. एका कडेला तुटलेली रेघ दुसऱ्या कडेला जुळली पाहिजे, म्हणजे मैलभर कापड छापलं तरी सांधा दिसत नाही.

"मुद्दाम नाही करत गं," नाना म्हणाला. "हात आपोआप जोड बसवतो. तू सांगितल्याशिवाय मला दिसतसुद्धा नाही."

तिसऱ्या प्रयत्नाला दुपारचे दोन वाजले. पाकळ्या गळाल्या, पानं कडेने वळली. तिसऱ्या कागदावरही वरची जोडी तशीच होती. नानाने डोळे पुसले आणि तो कागद माझ्याकडे सरकवला.

"दोन पानं तू सरकव. तुला येतं. कोणाला कळणार?"

मला येत होतं. दहा मिनिटांचं काम होतं.

"चित्र एका हाताचं लागतं," मी म्हणाले.

वहिनी पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही. "दोनच पानं ना वं, ताई."

संध्याकाळी अण्णांनी गरम लोचो आणला, खमणासारखाच पण मऊ. तो सगळ्यांनी खाल्ला. तिखट होता, चांगला होता.

परतताना जपायला काही नव्हतं, म्हणून एसटी धरली. कडोदऱ्याला बस अर्धा तास थांबते, चहा बरा मिळतो. चित्र मांडीवरच्या फाइलमध्ये होतं, पेन्सिल पर्समध्ये. नवापूर गेलं, साक्री गेलं. मी फाइल उघडली नाही.

विभागप्रमुखांनी फूल बराच वेळ पाहिलं. मग बोट पानांवर ठेवलं.

"हे असंच काढलंय?"

"असंच."

"फुलाचा हात मोठा आहे. पण हे सीताफळ नाही. दुसरा कोणी शोधायला आता वेळ नाही. तुम्ही काढता का?"

मी हो म्हटलं. त्या जागेवर मी दोन वर्षं काम केलं. अकरा चित्रं काढली, पानं सगळी एकाआड एक. फुलं बरोबर आहेत, पण नानाच्या फुलासारखी नाहीत. पुस्तक चाळणाऱ्याला ते समजत नाही, मला समजतं.

मी सुरतेहून परतल्यावर महिन्याभराने नानाचं कार्ड आलं होतं: चित्राचं काय झालं? मी उलट टपाली उत्तर टाकलं. जागा भरली, एवढंच लिहिलं. कोणी भरली, ते त्याने पुढच्या कार्डात विचारलं नाही. त्यानंतर त्याची कार्डं वहिनीच्या अक्षरात यायला लागली.