दोन मात्रा कमी पडलेली ओळ

आमच्या बँडचा एकच नियम होता: ज्याची ओळ, त्यानंच खोडायची. बाकीच्यांनी कितीही तोंड वाकडं केलं तरी पेनाला हात लावायचा नाही.

आम्ही तिघं. मी हिंजवडीत दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा, गिटारवाला. पेटीवाला मूळ पुनावळ्याचा. म्हशी विकल्यावर रिकाम्या झालेल्या त्याच्या गोठ्यात आमची बैठक बसायची. आणि ढोलकीवाला लातूरकडचा, चाकणला कंपनीत कामाला. त्याची सुट्टी गुरुवारी, म्हणून आमची गाणीही गुरुवारची. एकानं ओळ टाकायची, दुसऱ्यानं पुढची. अर्धा वेळ खिदळण्यात जायचा. पण एखादी ओळ जमली की तिघांच्याही अंगावर एकदमच काटा यायचा. तसा आनंद मला पगारवाढीतही कधी मिळाला नाही.

कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या बाईचं एक गाणं आम्ही रचलं. त्यात ढोलकीवाल्याची ओळ होती, 'डब्यातली भाकर वाळली गं'. मला ती पहिल्यापासून खुपायची. चालीत दोन मात्रा कमी पडायच्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याला ओव्हरटाइम लागला. ढोलकी नंतर भरू असं ठरवून आम्ही दोघांनीच गाऊन घेतलं, आणि मी शहाण्यानं ती ओळ खोडून माझी घातली.

"आरं, त्याला इचार तरी," पेटीवाला म्हणाला.

"त्याला काय फरक पडतोय?" मी म्हणालो.

पुढच्या गुरुवारी त्यानं हेडफोन लावून गाणं ऐकलं. "चांगलं झालंय भाऊ," एवढंच म्हणाला. वहीतली खाडाखोड त्यानं पाहिली. मग ढोलकीच्या पुडीचं कातडं बदलून आणतो म्हणून ढोलकी घेऊन गेला, तो परत आलाच नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. नोकरी सोडून तो गावी गेला, हेही आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. फोन उचलत नाही.

परवा जुन्या मोबाइलमध्ये तालमीचं रेकॉर्डिंग सापडलं. त्याची ओळ येते, संपते, आणि लगेच त्याच्या दोन थापा पडतात, दार वाजवल्यासारख्या. त्या दोन मात्रा त्यानं ढोलकीसाठी राखल्या होत्या. मी बोटांवर ओळ मोजत बसलो; थापा कानावर पडूनही ऐकल्या नाहीत.

वहीत मी त्याची ओळ पुन्हा लिहिली. तिथं माझं अक्षर बघवत नाही. गुरुवारी आम्ही दोघं ते गाणं म्हणतो. त्या ओळीनंतर पेटीवाला हात उचलतो, मीही थांबतो, आणि दोन मात्रा गोठ्यात काहीच वाजत नाही.