खाडीतला बर्फाचा चर

"वर तरंगतो तो बर्फ, खाली चालतो तो नांगर." गंगारामआबा हे इतक्यांदा म्हणत, की केळशीत त्यांना बर्फआबाच म्हणू लागले. आबांना जाऊन दोन वर्षं झाली. खाडीला ओहोटी लागली की अजून मला ते ऐकू येतं.

तीस वर्षं ते खलाशी होते. उत्तरेकडच्या थंड दर्यात, तळाची पाहणी करणाऱ्या जहाजावर. तिथं बर्फाचे डोंगर वाहत येतात. वर दिसतो थोडा, बाकीचा पाण्याखाली. उथळ जागी डोंगराचं बूड तळाला टेकतं, पण वारा नि प्रवाह त्याला उभा राहू देत नाहीत. तो तळ खरवडत जातो, कोस कोस. यंत्रानं काढलेल्या तळाच्या चित्रात आबांनी ते चर पाहिले होते.

रामा तांडेल हसायचा. "गंगाराम, मासळीसाठी बर्फ मी रोज होडीत भरतो. दुपारपर्यंत त्याचं पाणी! तो कसला नांगरतो?"

रामाचं आबा मनावर घेत नसत. बायकोचं, सावित्रीकाकूंचं, घेत. आबा दर्यावर असताना एका साली शेतात नांगराला माणूस मिळाला नाही. बाईनं नांगर धरायचा नाही, हा गावचा रिवाज. काकूंनी धरला. पुढं त्या म्हणत, "मी हितं चिखलात नांगर रेटला, नि हे म्हणे पाण्याखालची नांगरट बघत होते!" आबा मान खाली घालत. आपण तिकडं खरंच काही पाहिलं, एवढं हिनं तरी मानावं, हीच त्यांची आस.

एका माघात ओहोटी लागताना आबांनी बर्फाची अख्खी लादी आणवली आणि खाडीत सोडली. लादी तरंगत निघाली. पाणी उतरलं तसं तिचं बूड चिखलाला लागलं.

"बसली रं तुझी बोट!" रामा ओरडला.

पण पाण्याला ओढ होती. लादी अडखळत, कलत तीसेक पावलं गेली आणि मग रुतली.

पाणी ओसरल्यावर काळ्या चिखलात लांब चर उघडा पडला. काकू लुगडं खोचून खाली उतरल्या. दोन्ही काठांना सारलेला चिखल त्यांनी हातानं चाचपला. लादीच्या पुढ्यात साचलेल्या ढिगापाशी थांबल्या.

"बैल अडला की फाळापुढं अस्साच ढीग होतो," त्या म्हणाल्या. मग आबांकडं वळून, "एवढ्याशा लादीनं हे केलंन. तुमचा डोंगर केवढा होता हो?"

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"दाखवतो," आबा म्हणाले. लादीपाशी टाच रोवून ते पावलं मोजत निघाले. होड्या मागं पडल्या, जेटी मागं पडली, तरी थांबेनात. रामाचं हसू कधीच मावळलं होतं. आणि काकू चिखलानं माखलेला हात कपाळाशी धरून, सुरूच्या बनाकडं लहान लहान होत जाणाऱ्या त्या माणसाला बघत उभ्या होत्या.