भोककाकांच्या घरची फरशी

माझ्या धाकट्या काकांना बिल्डिंगमध्ये कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे त्यांना भोककाका म्हणतात, तेही तोंडावर. काकांना त्याचं काही नाही. नवीन कोणी राहायला आलं की स्वतःच जाऊन सांगतात, "मी भोककाका. पडद्याचा दांडा, गीझर, आरसा, काहीही लावायचं असेल तर मला बोलवा. दुसऱ्याला भिंतीला हात लावू देऊ नका." जन्मभर एका पडद्याच्या दुकानातर्फे घरोघरी दांडे बसवत हिंडले. निवृत्त झाले, पण हाताची खाज गेली नाही.

फरशी कसली आहे हे ओळखायची त्यांची रीत जगावेगळी आहे. ते ती चाटतात. थट्टा नाही, खरंच. फुटका तुकडा घ्यायचा, लेप नसलेली कड जिभेला लावायची आणि डोळे मिटायचे. "जीभ चिकटली की सिरॅमिक. ती भाजलेली माती, ओल दिसली की ओढून घेते. नाही चिकटली की पोर्सेलेन. ती मेली थेंबाला विचारत नाही." सिरॅमिकला ड्रिलमध्ये भाल्यासारख्या टोकाचं कार्बाइडचं बिट पुरतं. पोर्सेलेनला मात्र हिऱ्याची कणी लावलेलं, नळीसारखं पोकळ बिट लागतं. ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारी कळ, बंद, वेग कमी, वरून पाणी, आणि दाबायचं नाही, नुसतं टेकवून ठेवायचं. एकदा एका प्लंबरने हॅमर चालू ठेवूनच पोर्सेलेनवर मशीन धरलं आणि फरशी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. काका पुढे कित्येक महिने त्या प्लंबरशी बोलले नाहीत. घर काकांचं नव्हतं, फरशीही नव्हती.

तर अशा माणसाच्या स्वतःच्या घरी चार भोकं पाडायची वेळ आली, आणि माझी सहनशक्ती संपली.

काकू पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं, घरी आल्या. पलंगापासून बाथरूमपर्यंत जाणारा बोळ इतका अरुंद, की वॉकर मध्येच अडकायचा. एका बाजूला सरकत्या काचांचं कपाट, दुसऱ्या बाजूला घडीचं दार, त्यामुळे भिंतीला दांडा लावायची सोय नाही. मी खालच्याच मजल्यावर राहते. मीच शोधाशोध करून स्टीलचा कठडा मागवला. त्याचे पाय जमिनीत बोल्टने बसवायचे, की झालं. कठडा आला. काका म्हणाले, "उद्या."

तोवर काकूंना काकाच न्यायचे. स्वतः उलटे चालत, तिचे दोन्ही हात धरून. मग दार अर्धवट उघडं ठेवून बाहेर उभे राहायचे आणि मिनिटामिनिटाला विचारायचे, "झालं का गं?" आमची काकू म्हणजे कपाटाचं दार उघडं राहिलं तरी अवघडणारी बाई. ती आतून नळ मोठा सोडायची.

उद्या उजाडला. काका बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पालथे पडले, फरशीच्या कडेला जीभ लावली आणि डोळे मिटून म्हणाले, "चिकटली. सिरॅमिक." कार्बाइडचं बिट लावलं, मशीन सुरू केलं. कानठळ्या बसतील असा आवाज, जळका वास, जरासा धूर, आणि फरशीवर एक पांढरा ठिपका. बिटाचं टोक बोथट. "बिट बोगस निघालं," काका म्हणाले. दुसरं बिट आणलं. दुसरा ठिपका. "हल्ली मालच असा येतो." मग मशीन बिघडलं, मग त्यांची पाठ धरली, मग म्हणे हवा दमट आहे. हवा दमट असण्याचा आणि फरशीचा काय संबंध, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. वॉचमनपर्यंत बातमी गेली होती, की भोककाकांना घरी भोक पडेना. कठडा बोळात कपाटाला टेकून उभा होता, आणि येणारा जाणारा त्याला ठेचकाळत होता.

मग काकूंना ताप आला. लघवीला जळजळ होत होती. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी पिता ना भरपूर?" काकू म्हणाल्या, "हो, पिते की." डॉक्टर गेल्यावर मी बघितलं, उशाशी सकाळी भरून ठेवलेला पेला तसाच काठोकाठ.

"काकू, हे काय?"

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "प्यायलं की जावं लागतं. गेलं की हे हात धरून नेणार, दारात उभे राहणार. एवढ्या वर्षांत हे चालू दिलं नाही मी, आता म्हातारपणी दारात पहारा? त्यापेक्षा तहान परवडली. त्यांना सांगशील तर याद राख."

मी गॅलरीत येऊन उभी राहिले. इतका राग आला होता, की कुंडीला लाथ घालावी असं वाटलं. घातलीही. कुंडी सरकली आणि खालचा तुकडा दिसला. घरातल्या फरशीचाच, तीच करडी नक्षी, कापताना उरलेला. मी तो उचलला, माती पुसली, इकडेतिकडे बघितलं आणि कड चाटली. चिकटली नाही. पुन्हा चाटली. समोरच्या गॅलरीतल्या बाई कपडे वाळत घालायचं सोडून माझ्याकडे बघत होत्या. बघू देत. जीभ अजिबात चिकटत नव्हती.

काका मागे येऊन उभे होते.

"पोर्सेलेन आहे," मी म्हणाले.

"हं."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"दुकानातच चाटून घेतली होती."

"मग हा काय तमाशा चाललाय, काका? घरच्या फरशीचा एवढा पुळका?"

ते कुंडीतली वाळकी पानं खुडत बसले. मग म्हणाले, "फरशी गेली खड्ड्यात. लग्न झाल्यापासून हिने रस्ता ओलांडताना कधी हात धरू दिला नाही. लोक बघतात म्हणे. आता धरते. घट्ट धरते. कठडा लागला की कठडा धरेल."

माझी सगळी शिवीगाळ तयार होती, ती वाया गेली. त्याचा मला आणखी राग आला. इतकी वर्षं मनात ठेवून या माणसाला सांगायला मी सापडले, आणि तेही आता.

"ती पाणी पीत नाही," मी म्हणाले. दिलेला शब्द गेला उडत. "तुमच्यासोबत जावं लागू नये म्हणून दिवसभर तहानलेली राहते. ताप त्याचाच आहे."

काकांच्या हातातली पानं खाली पडली. "मला वाटलं, तिला..." एवढंच म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी माळ्यावरून जुनी पेटी काढली. हिऱ्याचं बिट त्यातच होतं, कापडात गुंडाळलेलं. एवढे दिवस मी चांगल्या बिटासाठी दुकानं पालथी घालायला तयार होते! फरशीवर चिकटपट्टी लावली, हॅमर बंद केला, बिट आधी तिरपं टेकवून चंद्रकोरीएवढी खाच पाडली, मग हळूहळू सरळ केलं. मी बाटलीने पाणी ओतत होते. करडा चिखल वाहून बाथरूमकडे जात होता. आवाजही फार नव्हता, नुसती घरघर. फरशी पार झाली तेव्हा त्यांनी बिट बदललं, आता खाली काँक्रीट म्हणून हॅमर चालू केला, आणि पुढच्या पायाकडे वळले. सगळं इतक्या पटकन झालं, की मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

"ते दोन ठिपके मात्र जन्मभर दिसणार," काकू पलंगावरून म्हणाल्या.

"दिसू देत," काका म्हणाले. तिच्याकडे बघितलं नाही.

बोल्ट आवळून झाले. काकांनी कठड्याला स्वतः लटकून बघितलं, हलला नाही. मग ते बाजूला झाले. काकू उठल्या. एक हात कठड्यावर, मग दुसरा. पाऊल टाकायला वेळ लागत होता. काकांचे हात आपोआप पुढे आले होते, ते त्यांनी पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले. काकू बाथरूममध्ये गेल्या. दार लागलं, आतून कडी वाजली.

काका तिथेच उभे. थोड्या वेळाने त्यांच्या तोंडून गेलंच, "झालं का गं?"

"जा तिकडे!" आतून आवाज आला. तापातसुद्धा खणखणीत.

काका गेले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी घरातला सगळ्यात मोठा जग घेतला, काठोकाठ भरला, आणि तिच्या उशाशी आणून ठेवला.